भाईच्या म्हातारपणाची बातमी कधी छापणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादा गुंड पकडला गेला की बातमीत ‘डॉन’, ‘दहशत’, ‘फिल्मी स्टाईल’ हे शब्द ठरलेले असतात. सोबत पोलिसांच्या गाडीतून उतरतानाचा फोटो, तोही गॉगल लावलेला. (आरोपीला गॉगल लावू कोण देतं, देव जाणे.) माझं म्हापशात सलून आहे. पेपर बाकावर पडलेला असतो आणि मिसरूड फुटलेली पोरं नेमकं तेच पान आधी उचलतात. म्हणून हे पत्र.

माझ्याकडे असाच एक निवृत्त भाई दाढीला येतो. नाव लिहीत नाही. हप्ते, मारामाऱ्या, मग मुंबई, मग तुरुंग. आधी आग्वाद आणि २०१५ मध्ये तुरुंग हलवल्यावर कोलवाळ, दोन्हीकडचं पाणी प्यायलेला. आग्वादच्या जेलचं आता संग्रहालय झालंय. “आम्ही फुकटात राहिलो, लोक आता पैसे मोजून जातात,” असं एकदा म्हणाला. तेवढाच काय तो विनोद.

तो येतो दुपारी, बाजार झोपलेला असतो तेव्हा. कडेचीच खुर्ची लागते, कारण तिथल्या आरशात दार दिसतं. माझी बाकीची गिऱ्हाईकं साबण लावला की डुलक्या काढतात. हा गळ्याशी वस्तरा असेपर्यंत डोळे मिटत नाही. त्याला मारायला आता कोण येणार? ज्यांच्याशी वैर होतं ते मेले, नाहीतर याच्यासारखेच गुडघे धरून बसलेत. पण शरीराला ते कोण सांगणार? मोबाईल वाजतो तो वकिलाचा. मुलगा परदेशी, आईचं आडनाव लावतो. दाढी झाली तरी तो उठत नाही. उठून जायचं कुठे, हा प्रश्न असतो.

मला त्याची कीव येते असं समजू नका. त्याच्या टोळीतल्या पोरांनी खांदा मोडलेला एक दुकानदारही माझ्याकडेच येतो. अजून त्याचा उजवा हात वर जात नाही, शर्टाची बाही मला काढून द्यावी लागते. भाईला कंटाळा आला म्हणून तो खांदा काही बरा होत नाही.

पण बाकावरच्या पोरांना यातलं काही दिसत नाही. ती त्याला ‘पात्रांव’, म्हणजे मालक, म्हणून खुर्ची देतात. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? मोठेही तेच करतात. चार्ल्स शोभराज टोळीवाला नव्हता, खुनी आणि ठग होता. तिहारमधून पळालेल्या त्या माणसाला मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी ६ एप्रिल १९८६ रोजी आपल्या पर्वरीतल्या एका हॉटेलात पकडलं. त्या हॉटेलात पुढे पुतळा बसला तो शोभराजचा, आणि पर्यटकांनी फोटो काढले ते त्याच्या शेजारी बसून. याच शोभराजने १९७६ ते १९९७ भारतात आणि २००३ ते २०२२ नेपाळात, मधले पळालेले काही दिवस सोडले तर, चाळीसेक वर्षं गजाआड काढली. सुटला तेव्हा ७८ वर्षांचा होता. हा हिशेब पुतळ्याखाली कोण लिहितो?

मध्यंतरी एका पोराने आमच्या भाईकडे सेल्फी मागितला. तो म्हणाला, “तारखेला कोर्टात ये. सकाळपासून बाकड्यावर बसलेला असतो मी. तिथे काढ.” पोरगा हसला. गेला काही नाही.

तिथे आपला फोटोग्राफर पाठवा, एवढीच विनंती. जेवणाच्या सुट्टीत गेला तर बरं, तेव्हा वकीलही जवळ नसतो. फोटो पहिल्या पानावर नको. गॉगलवाला छापता तिथेच, तेवढ्याच आकाराचा छापा.

आपला,
एक सलूनवाला वाचक, म्हापसा