त्या तबकड्या करतात काय, याचं एक उत्तर

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग खोडदच्या जीएमआरटीमुळे, म्हणजे तिथल्या मोठ्या तबकड्यांच्या रेडिओ दुर्बिणीमुळे, बदलणार असं कळल्यापासून आमच्या भागात जो तो एकच विचारतो, त्या तबकड्या तिथं करतात तरी काय? रेल्वे मलाही पाहिजे, टोमॅटो पिकवणाऱ्याला तर माझ्याहून जास्त पाहिजे, पण "काहीच करत नाहीत" हे ऐकवत नाही म्हणून लिहितोय.

२७ डिसेंबर २००४, म्हणजे त्सुनामीच्या दुसऱ्याच दिवशी, धनू राशीच्या दिशेला एसजीआर १८०६-२० नावाच्या मॅग्नेटारचा भडका उडाला. मॅग्नेटार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा जेमतेम २० किलोमीटरचा गोळा, पण चुंबकत्व एवढं भयंकर की त्याच्या ताणानं वरचं कवचच तडकतं. सूर्याला बाहेर टाकायला जवळपास लाखभर वर्षं लागतील एवढी ऊर्जा सेकंदाच्या पाचव्या भागात बाहेर पडली, आणि हजारो प्रकाशवर्षं लांबून येऊनही त्या गॅमा किरणांनी आपल्या पृथ्वीच्या आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, धक्का दिला. असा महाभडका १९७९ पासून तोवर फक्त तिसरा.

भडका काही मिनिटांत संपला. मागं राहिली ती रेडिओची धग. बाहेर फेकला गेलेला माल प्रकाशाच्या साधारण पाव वेगानं पसरत होता आणि त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत रेडिओ लहरी सोडत होते. आठवड्याभरात अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीला ती सापडली आणि लगेच खोडदच्या ४५-४५ मीटरच्या तबकड्याही तिकडं वळल्या, २४० आणि ६१० मेगाहर्ट्झवर, जिथं एवढं बारीक ऐकू शकणाऱ्या दुर्बिणी जगात मोजक्याच होत्या. नवव्या दिवसानंतर ती धग भराभर मंदावली, मग महिनाभराच्या सुमाराला परत जराशी उजळली, कारण तो माल आजूबाजूच्या वायूला ढकलत चालला होता. हे सगळं त्या काही आठवड्यांतच बघायचं होतं, राहिलं असतं तर राहिलंच! एप्रिल २००५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जो पेपर आला त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) पूनम चंद्रा आणि अलक रे आहेत, आणि आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी पण आहेत.

आता शांततेचं, म्हणजे दुर्बिणीच्या आसपास दुसऱ्या रेडिओ लहरींचा गोंगाट का नको त्याचं. चंद्रावर एखादा मोबाईल चालू ठेवला तरी दुर्बिणीला तो या धगीपेक्षा शेकडो पट ठळक दिसेल. मग शेजारून जाणाऱ्या विजेच्या गाडीचं काय होईल, तुम्हीच सांगा.

माझी विनंती एवढीच की रेल्वेच्या बातमीसोबत चार ओळी या कामाच्याही छापा, आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथं लोकांना आत सोडतात हे ठळक अक्षरात, आधीच्या आठवड्यात छापा, म्हणजे शाळांना गाडी ठरवता येईल.

आपला,
एक वाचक, नारायणगाव, ता. जुन्नर