गरिबी आपोआप संपणार नाही, कर कोणावर लावायचा ते बोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भारतातली अतिगरिबी २०११-१२ मध्ये २७.१ टक्के होती ती २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आली, ही वर्ल्ड बँकेची आकडेवारी आता सगळ्यांना पाठ झाली आहे, व्हॉट्सॲपवर अजून फिरतेय, आणि तिच्याखाली हमखास कोणीतरी लिहितं की अतिगरिबीची रेषा दिवसाला ३ डॉलर, म्हणजे अडीचशे रुपये, एवढे तर आपल्याकडे कोणीही कमावतं, मग गरीब राहिलंय कोण. हा हिशेबच चुकीचा आहे. ते ३ डॉलर बाजारभावाने बदलायचे नसतात. अमेरिकेत ३ डॉलरमध्ये जे मिळतं ते इथे किती रुपयांत मिळतं असं बघतात, आणि तसं बघितलं तर २०२१ च्या किमतींनी ते साधारण ६० ते ६५ रुपये होतात. माणशी, दिवसाला, त्यात खाणं कपडे भाडं औषध प्रवास सगळं आलं. म्हणजे ही रेषा ओलांडली की माणूस सुखात आला असं अजिबात नाही, आज तरी उपाशी मरणार नाही एवढंच. ज्या महाराष्ट्रात, पुण्यात, अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली भारतातल्या गरिबीची मोजणी करून सगळ्या देशाला विचार करायला लावलं, त्या महाराष्ट्रातल्या लोकांनी तरी हा आकडा नीट वाचावा असं मला मनापासून वाटतं.

तरीही भारतात गरिबी खूप कमी झाली हे खरंच आहे आणि त्याचा आनंद आहेच. माझी काळजी पुढची आहे. १९९० नंतर जगातली गरिबी एवढी झपाट्याने उतरली ती मुख्यतः चीनमुळे आणि नंतर भारतामुळे. एकट्या चीनमध्ये चाळीस वर्षांत जवळपास ८० कोटी लोक त्यातून बाहेर आले. आता असा दुसरा चीन शिल्लक नाहीये. वर्ल्ड बँकेने जून २०२५ मध्ये रेषा २.१५ वरून ३ डॉलरवर नेली, त्या हिशेबाने आजही ८० कोटींच्या आसपास लोक तिच्याखाली आहेत, आणि त्यातले बहुतेक सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. तिथे लोकसंख्या वाढतेय, २०५० पर्यंत जगातला दर चौथा माणूस आफ्रिकेत असेल, पण माणशी उत्पन्न त्या वेगाने वाढत नाहीये. त्यातही जे देश युद्धाने, यादवीने पोखरलेत तिथे आजच ४२ कोटी अतिगरीब आहेत आणि २०३० ला ते ४३.५ कोटी होतील, म्हणजे तेव्हाच्या जगातल्या अतिगरिबांपैकी जवळपास ६० टक्के तिथेच असतील असा अंदाज आहे. २०१५ साली सगळ्या देशांनी मिळून ठरवलं होतं की २०३० ला अतिगरिबी शून्यावर आणायची, ती तारीख आता तोंडावर आली आणि या देशांत आकडा उलट वर चाललाय.

काँगोचं बघा ना. आपल्या मोबाईलच्या आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीत जे कोबाल्ट लागतं त्यातलं निम्म्याहून जास्त तिथून येतं, आणि त्या देशात दहापैकी सातांहून जास्त माणसं अतिगरीब आहेत. जानेवारी २०२५ मध्ये बंडखोरांनी गोमा शहर घेतलं तेव्हा लाखो लोक पुन्हा घर सोडून पळाले. खाण आहे, माल जगभर जातोय, पैसा मात्र तिथल्या माणसाच्या हातात थांबत नाही. झांबियात तांबं आहे, पण २०२० मध्ये त्यांना कर्जाचा हप्ता भरता आला नाही आणि बहुतेक कर्जाच्या अटी सावकारांशी नव्याने ठरवायला २०२४ उजाडलं. आज ३ अब्जांहून जास्त लोक अशा देशांत राहतात जिथलं सरकार शाळांवर किंवा दवाखान्यांवर करतं त्यापेक्षा जास्त खर्च व्याजावर करतं, मग तिथल्या पोरांनी शिकायचं कुठे. त्यात अमेरिकेने २०२५ मध्ये आपली मदत करणारी संस्थाच बंद केली.

दुसऱ्या टोकाला जगातल्या वरच्या १० टक्के लोकांकडे एकूण संपत्तीपैकी साधारण ७५ टक्के आहे आणि खालच्या निम्म्या लोकांकडे मिळून २ टक्के. (हा आकडा मी वर्गात सांगायचे तेव्हा मुलं पुन्हा विचारायची, मॅडम नक्की दोनच?)

यावर उपाय नाही असं कोणी म्हटलं की मला रोजगार हमी आठवते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधी प्रयोग केला, मग १९७२ चा दुष्काळ आला, लाखो लोक खडी फोडायला, तळी खोदायला उतरले, आणि १९७७ मध्ये कामाचा हक्क कायद्यात आला. पैसे कुठून आणले? १९७५ साली व्यवसाय कर लावला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दर महिन्याला काही रुपये कापायचे, सरकारने तेवढीच भर घालायची आणि दुष्काळी गावातल्या मजुराला काम द्यायचं. आजही पगाराच्या स्लिपवर २०० रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत ३००, ते त्यातूनच आलेत, आणि बऱ्याच तरुणांना हे माहीतच नसतं. तेव्हाच्या साध्या कारकुनाने हे दिलं, पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्याला महाराष्ट्राचाच अनुभव कामी आला.

मग जगातल्या सुमारे ३००० अब्जाधीशांकडून वर्षाला त्यांच्या संपत्तीच्या किमान २ टक्के कर घ्यायला काय हरकत आहे? अर्थतज्ज्ञ गॅब्रिएल झुकमन यांनी ब्राझीलच्या सांगण्यावरून २०२४ मध्ये जी-२० समोर हाच हिशेब मांडला, त्यातून वर्षाला २०० ते २५० अब्ज डॉलर येऊ शकतात. त्याच वर्षी जी-२० च्या रिओ इथल्या बैठकीच्या जाहीरनाम्यात अतिश्रीमंतांवर नीट कर लागावा म्हणून सहकार्य करू एवढं वाक्य आलं, पण दर नाही आणि तारीख नाही. फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२५ ला खालच्या सभागृहाने २ टक्क्यांचा असा कर मंजूर केला, जूनमध्ये सिनेटने फेटाळला. श्रीमंत देश सोडून जातील अशी भीती घालतात, पण म्हणूनच तर हा कर सगळ्या मोठ्या देशांनी एकत्र लावायचा आहे. भारत जी-२० मध्ये आहे, आपल्याकडेही अब्जाधीश वाढतायत, तरी आपल्या खासदारांपैकी कोणाला यावर बोलताना मी ऐकलं नाही.

म्हणून विनंती आहे की आपल्या अर्थविषयक पानावर शेअर बाजाराच्या शेजारी थोडी जागा यालाही द्या. आफ्रिकेतल्या कर्जाच्या बातम्या छापा, गरिबीरेषेचा आकडा देताना तो रुपयांत नीट समजावून सांगा, आणि पुढच्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या उमेदवारांना तुमच्या वार्ताहरांनी सरळ विचारावं की या २ टक्के करावर तुमचं मत काय, आणि जे उत्तर येईल ते नावासकट छापावं.

आपली एक वाचक
(अर्थशास्त्राची निवृत्त शिक्षिका), सांगली