बाबा, गोळी का बदलली?

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

"दवाखान्यात औषध कंपन्यांचे बॅगवाले एमआर बसले होते, म्हणूनच डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली," असं बाबा फोनवर तावातावाने म्हणालात. संशय अगदीच हवेतला नाही. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना भेटवस्तू द्यायच्या नाहीत, असं सरकारला 2024 मध्ये नियमावली काढून सांगावं लागलं, ते काही उगीच नाही. पण आईने पाठवलेले दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो मी नीट पाहिले. यावेळचं कारण तुमच्याच पायांत आहे.

आधीची गोळी अॅम्लोडिपिन. स्वस्त, चांगली, पण तिने काहींचे घोटे सुजतात. संध्याकाळी मोज्यांचे वळ उठतात, हे तुम्हीच डॉक्टरांना सांगितलंत ना? त्यात तुम्हाला शुगर, लघवीच्या रिपोर्टमध्ये प्रोटीन. अशा पेशंटला बहुधा तुमच्या या नव्या टेल्मिसार्टनसारखी गोळी देतात, ती बीपीसोबत किडनीही सांभाळते. शेजारच्या काकांनाही बीपी आहे, पण शुगर नाही, म्हणून त्यांची चिठ्ठी वेगळी. लघवी वाढवणारी गोळी दिली नाही, हे तर मला बरंच वाटलं. मे महिन्यात आपल्या सोलापुरात पारा 42 च्या वर जातो, घामाने माणूस आधीच निथळतो, आणि तुमच्या वयात सोडियम उतरायला वेळ लागत नाही.

क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी तपासणी) आणि पोटॅशियम तपासायला सांगितलंय, तेही लॅबचं भलं करायला नव्हे. या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं. आई, तू हौसेने आणलेलं ते 'कमी सोडियम'वालं मीठ आता बाजूला ठेव, त्यात पोटॅशियमच घातलेलं असतं. शेंगा चटणीत साधंच मीठ घाल, फक्त हात आखडता घेऊन.

आता खरं भांडण. बाबा, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणता ती वेदनाशामक डायक्लोफिनॅक डॉक्टरांना माहीत आहे का? तिने बीपी चढतं, आणि टेल्मिसार्टनसोबत रोज घेतली तर किडनीवर ताण येतो. डॉक्टरांना हे कळलंच नाही, तर बीपी उतरत नाही म्हणून ते आणखी एक गोळी वाढवतील, आणि तुम्ही पुन्हा एमआरच्या नावाने खडे फोडाल!

रिपोर्ट दाखवायला जाल तेव्हा ती स्ट्रिप खिशात घालून न्या. नवी गोळी महाग वाटत असेल तर जन औषधी केंद्रातली चालेल का, हेही तेव्हाच विचारा. तोवर मनाने काही बंद करू नका. डॉक्टरांसमोर बसलात की मला फोन लावा, मीही ऐकेन.

तुमची,
मनू