रविवारचा लोहगड : सोबत येणाऱ्या ताई-दादांसाठी

वस्तीतल्या मुलांना घेऊन रविवारी लोहगड. शिवाजीनगरहून लोणावळा लोकल, मळवलीला उतरून भाजे गावामार्गे पायी. गणेश दरवाजापासून महादरवाजापर्यंत चारही दरवाजांत मुलं मोजायची, उतरतानाही. विंचूकाट्याकडची (गडाच्या लांब, अरुंद सोंडेकडची) वाट पावसात निसरडी होते. मुलं हट्ट करतीलच, पण तिकडे न्यायचं नाही. सेंट, आरडाओरडा नको. कड्यांवर आग्या मोहोळं असू शकतात.

बूट नाहीत म्हणून कुणीही घरी राहता कामा नये. जादा जोड्या केंद्रावर आहेत. शनिवारी संध्याकाळी माप बघून द्या, मात्र बाजूला बोलावून, सगळ्यांसमोर नको. सातवी-आठवीतल्या मुलींच्या तर ते मनाला फार लागतं.

पालकांची संमतीपत्रं ज्यांच्याकडे राहिलीत, त्यांनी शुक्रवारपर्यंत जमा करावीत. संमतीपत्राशिवाय मूल गाडीत चढणार नाही.