बत्तीस सेकंद

नेपरव्हिल,
शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४

प्रिय जाड्या,

तुझा मेसेज मिळाला. नुसता आकडा, ३२, परवाच्या आपल्या शिकागो बेअर्सच्या अमेरिकन फुटबॉल मॅचमधले शेवटचे सेकंद. ना हाय ना हॅलो. तिकडे नाशकात रात्रीचे सव्वादोन वाजून गेले असणार, वहिनी झोपलेल्या असणार आणि तू टीव्हीचा आवाज बंद करून अंधारात बसलेला असणार, हे सगळं मला त्या एका आकड्यात दिसलं. इकडे थँक्सगिव्हिंगला घरात बावीस माणसं होती आणि त्यातलं एकही असं नव्हतं की ज्याला तो आकडा दाखवावा. म्हणून लिहायला बसलोय. आणि महिनाभर तुला उत्तर दिलं नाही म्हणूनही, त्याचं पुढे सांगतो, टाळणार नाही.

तब्येत बरी आहे, गुडघा तसाच. आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते मला हिच्याकडून कळलं. तुझ्याकडून कळायला हवं होतं, पण तू तरी कसा सांगणार, मी फोनच उचलत नव्हतो. डोळा कसा आहे ते कळव.

आता ऐक. हाफटाइमला १६-०, आपण मागे. सगळे उठून गोड घ्यायला गेले, नाना म्हणाले चला आता क्रिकेट लावा, मी रिमोट मांडीखाली घेऊन बसलो. आणि मग दुसऱ्या हाफमध्ये तो पोरगा, आपला रूकी (पहिल्याच वर्षाचा) क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स, जो काय खेळला ना! अ‍ॅलनला दोन टचडाउनचे पास, मूरला एक, डेट्रॉइटमध्ये, त्या आवाजात, यंदाच्या त्या लायन्ससमोर. २३-२० झाले. शेवटचा ड्राइव्ह, आपण त्यांच्या हद्दीत, फील्ड गोलची किक बसली, तीन पॉइंट मिळाले, तरी बरोबरी. मग सॅक झाला, बॉल हातात असतानाच पोराला पाडला, ४१ यार्डावर, घड्याळात ३२ सेकंद आणि हातात घड्याळ थांबवायला एक टाइमआउट. एक अख्खा टाइमआउट रे! आणि कोणीच घेतला नाही. तीस झाले, पंचवीस झाले, वीस झाले, मी किचनपर्यंत ऐकू जाईल असा ओरडतोय “अरे टाइमआउट घे, घे रे बाबा”, ही धावत आली, तिला वाटलं भारतातून फोन आला, काहीतरी वाईट झालं. सहा सेकंद उरले तेव्हा स्नॅप, तेव्हा कुठे बॉल खेळात आला. लांब फेकला ओडुन्झेकडे, पडला खाली, संपलं. टाइमआउट खिशातच.

मला एकदम तुझं बेसमेंट आठवलं, ६ जानेवारी २०१९, आपल्या किकरचा, पार्कीचा बॉल आधी खांबावर आणि मग आडव्या दांडीवर आपटला तेव्हा तू पाच मिनिटं काहीच बोलला नव्हतास आणि मग उठून शांतपणे सगळ्यांची ताटं गोळा केलीस. परवा मी पण ताटं गोळा केली. पण तेव्हा नुसतं दुःख होतं, यावेळी दुसरंच काहीतरी आहे, भीती आहे, आणि तेच तुला सांगायचंय.

हेड कोच एबरफ्लसला काल नारळ दिला ते कळलंच असेल. मॅचनंतर म्हणे आम्ही बरोबरच हाताळलं. काल सकाळी पत्रकारांसमोर पुढच्या मॅचचं बोलून गेला आणि काही तासांत बाहेर. शंभर वर्षांहून जुनी टीम, सीझनच्या मध्यात हेड कोच कधीच काढला नव्हता, आता काढला. इथं ऑफिसच्या ग्रुपवर सगळे खुश आहेत, पार्टी चाललीय. मला काही खुश होता येईना. अरे हा पोरगा आत्ता १८ तारखेला २३ वर्षांचा झाला. बारा मॅचेस झाल्यात त्याच्या. त्यात ऑफेन्सच्या चाली ठरवणारा वॉल्ड्रन १२ नोव्हेंबरला गेला, हेड कोच २९ला गेला, आणि आता वॉल्ड्रनच्या जागी आलेला थॉमस ब्राउन प्लेही (चालीही) बोलणार आणि टीमही सांभाळणार. जानेवारीत कोणीतरी चौथा येईल, तो म्हणेल हे सगळं विसर, माझी भाषा शीक. ह्यालाच आपण म्हणायचो ना पोरगं वाया घालवणं?

आणि सगळ्यात वाईट काय माहितीय? हा ब्राउन गेल्या वर्षी कॅरोलिनात क्वार्टरबॅक ब्राइस यंगचा ऑफेन्स कोऑर्डिनेटर होता. तिथेही ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, पहिल्या नंबरवर घेतलेला रूकी, तिथेही नोव्हेंबरमध्येच, ११ मॅचनंतर हेड कोच फ्रँक राइकला काढलं. ती टीम २-१५ झाली आणि त्यांचा ड्राफ्टमधला जो पहिला नंबर आपल्याकडे ट्रेडमध्ये आला होता त्याच नंबरवर आपण केलेबला घेतला. म्हणजे त्यांच्या घरातल्या गोंधळातून आपल्याला हे पोरगं मिळालं आणि वर्षाच्या आत तोच गोंधळ आपण आपल्या घरात मांडला. यंदा यंगला दोन मॅचनंतर बेंचवर बसवलं होतं, विसरू नको.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. रूकीला बेंचवर बसवा. २०२१ ला आपल्या तेव्हाच्या रूकी क्वार्टरबॅकवरून, फील्ड्सवरून तू माझ्याशी आठ दिवस बोलला नव्हतास, अनुभवी डाल्टनला खेळू द्या, पोराला वर्षभर बघू द्या. मी म्हणायचो सचिनला १६व्या वर्षी कोणी बसवला होता का. मग क्लीव्हलँडला पहिल्याच स्टार्टला फील्ड्स नऊ वेळा सॅक झाला, टीमचे मिळून ४७ यार्ड, आणि तू काही बोलला नाहीस, बोलला असतास तर बरं वाटलं असतं. माहोम्स वर्षभर अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसला, ग्रीन बेवाले तर रॉजर्सला आणि लव्हला तीन-तीन वर्षं बसवतात आणि मग आपल्याला पंधरा वर्षं रडवतात. हे सगळं खरंय. पण जाड्या, मी यंदा बारा मॅचेस पाहून सांगतो, मला आता बसवणं न बसवणं हा मुद्दाच वाटत नाही. सचिनला सियालकोटला नाकावर बॉल लागला, रक्त आलं, तेव्हा समोरच्या टोकाला सिद्धू होता, शंभरावर पार्टनरशिप झाली त्यांची. समोर कोण उभा आहे ते बघ. केलेबच्या समोर कोण होतं? टेक्सन्सनी सात वेळा पाडला, अ‍ॅरिझोनात सहा, पेट्रियट्सनी तर सोल्जर फील्डवर आपल्याच लोकांसमोर नऊ वेळा. आणि वॉल्ड्रन पुन्हा तेच लांबलचक रूट्स (रिसीव्हरच्या धावायच्या वाटा) काढतोय, बॉल हातात धरून उभा राहा म्हणतोय, समोरून भिंत कोसळतेय.

आता तू म्हणशील अर्धे सॅक त्याचे स्वतःचे. मान्य. एकदम मान्य. बॉल फार वेळ धरतो. कॉलेजात, यूएससीत पळून पळून काहीतरी काढायची सवय लागलीय, तिथे निघायचं, इथे नाही निघत. लांबचा पास अजून बसत नाही, मूर मोकळा सुटलेला असतो आणि बॉल दोन यार्ड पुढे पडतो, किती वेळा झालं सांग. स्नॅपच्या आधी ब्लिट्झ, अंगावर धावून येणारी जादा माणसं, कुठून येतोय ते उशिरा कळतं. त्या शेवटच्या ३२ सेकंदांतही त्यानेच पोरांना हाकलून लायनीवर आणायला हवं होतं, सगळे रमतगमत आले. त्याची चूक शून्य असं मी म्हणतच नाही. पण घड्याळ बघून टाइमआउट घ्यायचं काम २३ वर्षांच्या, नुकताच जमिनीवरून उठलेल्या माणसाचं का बाजूला पाटी घेऊन उभ्या असलेल्या पन्नाशीतल्या माणसाचं?

आणि चांगलं काय ते पण बघ ना रे. टायटन्सविरुद्ध पहिली मॅच, पासचे ९३ यार्ड, डिफेन्सने जिंकून दिली. मग तिसऱ्या आठवड्यात इंडियानापोलिसला ३६३. पँथर्सला ३६-१०, लंडनला जॅग्जविरुद्ध चार टचडाउन, तेव्हा आपण ४-२ होतो, आठवतंय का तू मला व्हॉइस नोट पाठवली होतीस आणि त्यात मागे चिंगी पण ओरडत होती. मग तीन मॅचेस एकही टचडाउन पास नाही, तिथं मला वाटलं गेला हा. आणि मग वॉल्ड्रन गेला आणि तीन मॅचमध्ये बघ, ग्रीन बे २३१, व्हायकिंग्ज ३४०, लायन्स २५६. पाच टचडाउन. इंटरसेप्शन, समोरच्यांनी झेललेला पास? एकही नाही. लंडननंतर एकही नाही! ब्राउनने काही जादू केली नाही, पटापट छोटे पास दिले, पॉकेट हलवलं, हडल न करता घाईत खेळवलं, आणि हा पोरगा घाईतच सुंदर खेळतो, विचार करायला वेळ दिला की अडकतो. व्हायकिंग्जच्या मॅचला ११ ने मागे होतो, दोन मिनिटंही नव्हती, तिथून त्याने बरोबरी आणली. अ‍ॅलनला टचडाउन, टू पॉइंट, मग ऑनसाइड किक, म्हणजे छोटी किक मारून बॉल परत आपल्यालाच मिळाला आणि लगेच मूरला असा काही पास, मी सोफ्यावर उभा होतो. ओव्हरटाइममध्ये हरलो ते जाऊ दे. ग्रीन बेला एकाने, शेवटची किक ब्लॉक झाली. लायन्सना तिनाने. तीन मॅचेस, मिळून सात पॉइंटांनी हरलोय. सात! ह्यात पोरगा कुठे कमी पडला?

गंमत बघ, त्या तीनपैकी दोन मॅचेसमध्ये समोर कोण होतं. व्हायकिंग्जकडे क्वार्टरबॅक डार्नॉल्ड, ज्याला जेट्सनी तिसऱ्या नंबरवर घेतला आणि संपवला, सगळ्यांनी नाव टाकलं होतं, आज बघ. आणि लायन्सकडे गॉफ. २०१६ चा पहिला नंबर, रूकी वर्षात सात स्टार्ट आणि सातही हरला, त्याचाही हेड कोच सीझनच्या मध्येच काढला होता, तेव्हा तू त्याला काय काय नावं ठेवली होतीस ती मी इथं लिहीत नाही. पुढच्या वर्षी नवा हेड कोच मॅकव्हे आला आणि ११-५. म्हणजे परवा डेट्रॉइटमध्ये केलेब ज्या माणसाविरुद्ध खेळत होता तो बरोबर ह्याच नोव्हेंबरातून गेलेला माणूस होता. हे मला रात्री भांडी लावताना सुचलं आणि तुला फोन करावासा वाटला, तुझ्याकडे सकाळचे दहा वाजले असतील, पण एक महिना न बोलता एकदम गॉफ गॉफ करत फोन कसा करायचा.

तर तो महिना. २७ ऑक्टोबर, वॉशिंग्टन, शेवटची हेल मेरी, देवाचं नाव घेऊन फेकलेला लांब पास, आपला डिफेन्सचा स्टीव्हन्सन प्रेक्षकांकडे तोंड करून हातवारे करतोय आणि तिकडे बॉल नोआ ब्राउनच्या हातात. १८-१५. बॉल फेकणारा कोण, तर तुझा जेडन डॅनियल्स. एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या आधी तू तीन आठवडे सांगत होतास, पाच वर्षं कॉलेज खेळलाय, तयार आहे, तो घ्या. आणि मॅच संपल्यावर तुझा मेसेज आला, “म्हटलं होतं.” तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं. पण मला ते फार लागलं रे. तू तिकडे गेल्यापासून इथं माझ्याबरोबर हे बघणारं कोणी नाही, मी एकटाच ह्या पोराच्या बाजूने भांडतोय, ऑफिसात भांडतोय, आणि मला वाटलं तू तरी त्याच्या बाजूने असशील, नाहीतर निदान माझ्या. मग मी उत्तर दिलं नाही, मग दिवाळी आली, तुझ्या शुभेच्छांना नुसता अंगठा टाकला, आणि मग जसजसे दिवस गेले तसतसं लिहिणं अवघड होत गेलं. चूक माझी. आईंचं ऑपरेशन त्यातच झालं हे मला खूप टोचतंय.

चिंगीची दहावी आहे ना यंदा? क्लास कुठला लावलास? घराचं प्लास्टर झालं का? वहिनींना म्हणावं मेतकूट संपलं, ही आठवण काढते.

मला एवढंच हवंय रे, की जानेवारीत ज्याला कुणाला आणतील तो ऑफेन्सचा माणूस असावा, आणि तो तीन-चार वर्षं टिकावा. एकच भाषा, एकच आवाज हेल्मेटमध्ये. केलेबला वाचवणाऱ्या लाइनला मधली तीन तरी धड माणसं द्या. १९९५ पासून आपल्या क्वार्टरबॅक क्रेमरचे एका सीझनमधले पासचे ३,८३८ यार्ड कुणाला ओलांडता आले नाहीत, आपल्या टीमचा एकही क्वार्टरबॅक कधी चार हजाराला पोचला नाही, आणि दर वेळी आपण म्हणतो पोरगाच खराब होता. ट्रुबिस्की खराब, फील्ड्स खराब. तू आणि मी मिळून किती पोरांना खराब म्हटलं. ह्याला नको म्हणूया. निदान दोन वर्षं नको.

८ डिसेंबरला सांता क्लाराला नाइनर्सशी मॅच आहे, तुझ्याकडे सोमवारी पहाटे तीन. उठशील का? मी व्हिडिओ कॉल लावतो, आवाज बंद ठेव हवं तर. तुझी अर्लॅकरची जर्सी अजून माझ्याच कपाटात आहे, धुऊन ठेवलीय.

आईंना नमस्कार सांग.

तुझा,
बाब्या

ता. क. डॅनियल्स चांगला खेळतो. फार चांगला खेळतो. एप्रिलमध्ये तू म्हणालास ते सगळं त्याने करून दाखवलं. हे तुला महिन्याभरापूर्वीच लिहायचं होतं.