वाकळ सांधून देणाऱ्या मावशींस

आदरणीय मावशी,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील, अशी खात्री आहे. तुमचे नाव आणि बसण्याची जागा कुठेही लिहायची नाही, असे तुम्ही मला बजावले होते, म्हणून त्यातले काहीही येथे येणार नाही. मात्र पत्र चारचौघांनी वाचावे असेच लिहीत आहे, कारण आमच्या आईची वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी, तुम्ही ज्या रीतीने हातात घेतलीत, ती रीत अनेकांना कळायला हवी. वाकळ न्यायला आले त्या दिवशी आभाराचे शब्द तोंडातून निघेनात, गळा दाटून आला आणि ‘येते मावशी’ एवढेच म्हणून मी वळले. त्या दिवशी जे बोलायचे राहून गेले, ते आज लिहिते.

तुमच्याकडे आली तेव्हा वाकळेची पार दैना झालेली होती, पण ती मुळात काय होती हे वाचणाऱ्यांना आधी सांगितले पाहिजे. सातारा जिल्ह्यातला माण तालुका म्हणजे कायमचा दुष्काळी मुलूख. तिथे आमचे गाव. माझ्या आजीने ती वाकळ शिवायला घेतली तेव्हा आई नुकतीच लग्न होऊन त्या घरात आली होती. सुगी आटोपली की फाल्गुन-चैत्रात, शेतात काम नसलेल्या दुपारी, सारवलेल्या सोप्यात वाकळ अंथरली जाई. नऊवारी लुगड्याची चौघडी केली की माणसाच्या उंचीहून थोडी जास्त लांबी मिळते. अशी दोन लुगडी शेजारी-शेजारी जोडायची, त्यांच्या पोटात घरातले सगळे जुनेर नीट पसरायचे, वर पुन्हा लुगडे घालून कडेने मोठे टाके टाचायचे, आणि मग चौघीजणी चार बाजूंना बसून काठापासून आत आत धावदोरा घालत यायचे. ओळींत अंतर बोटभर. आजीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा असे, आणि आईचा सुरुवातीला त्याच्या दुप्पट पडे. आजीने तिला कधी टाके उसवायला लावले नाहीत. ‘हात बसंल’ एवढेच म्हणायची. म्हणून त्या वाकळेच्या एका बाजूला मोठे, वाकडे टाके आहेत आणि मधोमध येईपर्यंत ते आजीच्या टाक्यांच्या बरोबरीला आलेले आहेत. आई त्या घरात कशी रुळली, ते या टाक्यांवरून कुणालाही वाचता येईल.

आणि थर! वरचे हिरवे इरकली लुगडे आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाताना नेसत असे. पाट्या वाहून खांद्यावरचा भाग विरला, म्हणून तो आतल्या बाजूला दुमडलेला आहे. पोटात आजोबांची दोन धोतरे आणि त्यांच्या पटक्याचा तुकडा आहे. माझे थोरले चुलते गिरणगावात कामाला होते. त्यांनी मुंबईहून आणलेल्या मांजरपाटाचा एक पांढरा, जाड थर त्यात आहे. १९८२ च्या संपानंतर ते कायमचे गावी परतले, तेव्हा गिरणीचे म्हणून आमच्या घरात जे काही उरले, ते तेवढेच. पुढे जिथे जिथे वाकळ विरत गेली तिथे तिथे आई ठिगळे लावत गेली, आणि त्यातले शेवटचे ठिगळ माझ्या वडिलांच्या निळ्या चौकड्याच्या सदऱ्याचे होते. वडील गेल्यानंतर ते तिने एकटीने, रात्री बसून लावले होते.

ते ठिगळच हरवले. गावाकडे घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा विहिरीवर नेऊन धुवायची पद्धत होती. पुण्यातल्या सदनिकेत ते शक्य नाही, आणि आईच्या गुडघ्यांना आता ते ओझे पेलवत नाही. म्हणून ती एका लाँड्रीत दिली. हाताने भिजवून धुवा, यंत्रात घालू नका, असे दोनदा सांगितले, आणि त्यांनी मान डोलावून होकार दिला. परत मिळाली ती प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून: कडा उसवलेल्या, पोटातले थर गोळा होऊन एका कोपऱ्यात गेलेले, आणि निळे ठिगळ जागेवर नाही. विचारले तर तिथला माणूस म्हणाला, ‘चिंधी सुटून पडली होती, टाकून दिली.’ नुकसान कुणाच्याही हातून होऊ शकते, हे मी समजू शकते. परंतु समोर माझी वृद्ध आई उभी असताना त्या गृहस्थांना हातातल्या पावतीवरून नजर वर करून दोन शब्द बोलावेसे वाटले नाहीत, याची चीड मला अजूनही येते.

त्यानंतर जिथे जिथे गेलो तिथे हेच अनुभवाला आले. एका शिंप्याने दोन्ही बाजूंना नवे कापड घालून वरून यंत्राची शिवण मारून देतो म्हणून सांगितले, म्हणजे आतली वाकळ कायमची झाकून टाकायची. हातमागाच्या वस्तू विकणाऱ्या एका मोठ्या दुकानातल्या बाईंनी तर चांगले राहिलेले तुकडे कापून त्यांचे उशीचे अभ्रे करावेत आणि एक तुकडा चौकटीत घालून भिंतीवर लावावा, असे सुचवले. त्यांचा हेतू वाईट नसेल. पण आईला ती वाकळ अंगावर घ्यायची होती, आणि हे त्यांना तीनदा सांगूनही पोचले नाही. नातेवाइकांपैकी अनेकांनी नवी, हलकी, धुवायला सोपी रजई भेट देऊ केली.

त्या दुकानातून बाहेर पडताना मला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीची आठवण झाली. गुलामगिरीत खपलेल्या कुटुंबांच्या लेकी-सुना तिथे पिढ्यान् पिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. मिझुरी पेटवे यांनी नवरा वारल्यावर, १९४२ साली, त्याच्या शेतातल्या कपड्यांची गोधडी शिवली, ती त्याची आठवण म्हणून पांघरण्यासाठी. या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कला-संग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि २००६ साली तिथल्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. माझ्या आईने मिझुरीबाईंचे नाव कधी ऐकलेले नाही, पण निळ्या चौकड्याचे ठिगळ लावताना तिने तेच केले होते. सातासमुद्रापलीकडच्या बायकांच्या चिंध्यांना तो मान मिळाला, आणि आमच्या घरातली चिंधी कचऱ्यात गेली.

मग तुम्ही भेटलात. मावशी, मी वाकळेची पिशवी तुमच्यापुढे ठेवली तेव्हा तुम्ही काम बाजूला सारलेत, बाटलीतल्या पाण्याने हात धुतलेत, पदराला पुसलेत, सतरंजीवर धुतलेली चादर अंथरलीत आणि मगच पिशवीला हात घातलात. वाकळ उलगडून तुम्ही तिच्यावरून तळवा फिरवलात आणि आईला पहिला प्रश्न विचारलात, ‘कुनाच्या हातची हाय ही?’ आई म्हणाली, ‘आमच्या आत्याबाईंच्या.’ तुम्ही म्हणालात, ‘हात लई चांगला व्हता.’ इतक्या ठिकाणी फिरलो, पण ती कुणी शिवली हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. आई तिथेच तुमच्याजवळ बसली आणि एकेक थर दाखवत बोलू लागली, आणि तुम्ही दोघी मला विसरूनच गेलात.

पण ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले, ती याहून लहान आहे. फाटलेली बाजू तुम्ही कात्रीच्या टोकाने अलगद उघडलीत, तेव्हा पोटातला जुना, कुजट झालेला भाग भुग्यासारखा चादरीवर पडला: मांजरपाटाचे चार-दोन धागे, धोतराचे नखाएवढे तुकडे, थोडे हिरवे तंतू. दुसऱ्या कुणीही तो फुंकरीने उडवला असता किंवा चादर झटकून मोकळे झाले असते. तुम्ही तर्जनी पाण्यात बुडवलीत आणि त्या ओल्या बोटाने एकेक तुकडा टिपून मऊ कापडाच्या चौकोनी तुकड्यावर गोळा केलात. नातीला हाक मारून चादरीच्या घडीत काही राहिले आहे का तेही बघायला सांगितलेत. मग त्या कापडाची चपटी घडी करून ती तुम्ही त्याच भोकात, त्याच थरांच्या मध्ये ठेवलीत आणि वर ठिगळ धरलेत. आईने विचारले, ‘आता त्याचा काय उपयोग, मावशी?’ तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘पडलं म्हनून काय झालं, हिचंच हाय ते.’

त्या वाक्यानंतर आई रडली. वडिलांचे ठिगळ गेल्यापासून ती त्याबद्दल एक शब्दही बोलली नव्हती. तुम्ही तिला समजावायला गेला नाहीत. पाण्याची बाटली तिच्याजवळ सरकवलीत आणि सुईत दोरा ओवायला नातीकडे दिलात.

तुमच्या कामाबद्दल लिहायला मी कोण, पण जे पाहिले ते लिहिते. ठिगळासाठी मी नवे सुती कापड आणले होते, ते तुम्ही परत केलेत, कारण नव्या कापडाची वीण घट्ट असते आणि ते शेजारच्या जुन्या कापडाला ओढून फाडते. त्याऐवजी धुऊन धुऊन मऊ झालेले जुनेर तुम्ही तुमच्या गाठोड्यातून काढलेत. यंत्राची शिवण एका रेषेत पक्की बसते आणि विरलेले कापड नेमके त्याच रेषेवर चिरते, हातच्या धावदोऱ्याला मात्र ढील असते, म्हणून अंग वळले की कापडही वळते, हे तुम्ही आम्हाला टाका घालून दाखवलेत. आजीची एकही ओळ तुम्ही उसवली नाहीत. ‘तिच्या टाक्यावर माझा टाका घालनार न्हाई, शेजारनं घालीन,’ असे म्हणालात आणि तसेच केलेत. आज वाकळ उजेडात धरली तर आजीची ओळ, आईची ओळ आणि तुमची ओळ अशा तीन हातांच्या ओळी शेजारी-शेजारी चालताना दिसतात.

आपल्या या भूमीत कुठे ही कला नाही? बंगालात कांथा आहे, बिहारात सुजनी आहे, सिंध आणि थरच्या वाळवंटात रल्ली आहे, आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, काठापासून मध्याकडे जात आणि कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुले लावत. सगळीकडे ती बायकांनीच, घरातल्या जुन्या कपड्यांतून, आपल्या माणसांसाठी जपली. आपल्याकडे सुती लुगडी गेली, सिंथेटिक साड्या आल्या, ज्यांत सुई घसरते आणि ज्या अंगावर गरम होतात. जी काही सुती वस्त्रे उरली ती स्टीलच्या भांड्यांच्या बदल्यात बोहारणीकडे गेली. घरांचे सोपे गेले, आणि चौघींना एकत्र बसायला दुपारही उरली नाही. याला कुणा एकाला दोष देता येणार नाही. पण जिथे ही कला अजून जिवंत आहे तिथे ती रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, उन्हा-पावसात बसलेली आहे, आणि तिच्यासमोरून आम्ही रोज जातो, हे मात्र मला बोचते.

माणसाचा चांगुलपणा ओळखायचा तर तो दुसऱ्याची वस्तू कशी हाताळतो ते पाहावे, असे मला आता वाटू लागले आहे. तुम्हाला आमची ओळख नव्हती, आम्ही कोण, कुठले, हे तुम्ही विचारले नाहीत, आणि ठरलेल्या मजुरीवर एक रुपयाही वाढवून घेतला नाहीत. मी आग्रह केला तेव्हा तर तुम्हाला रागच आला. असा आदर विकत मिळत नाही. तुमच्या सासूबाईंनी तुम्हाला शिवण शिकवली असे तुम्ही म्हणालात; त्यांनी शिवणीबरोबर हेही शिकवले असले पाहिजे. त्या माऊलीलाही माझा नमस्कार.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे वाकळ आता रिठ्याच्या पाण्यात भिजवून, न पिळता, दोरीवर न टांगता गच्चीवर सपाट अंथरून वाळवतो, म्हणजे पाण्याच्या भाराने टाके तुटत नाहीत. माझ्या लेकीने आईच्या मागे लागून एक दुपटे शिवायला घेतले आहे. तिचे टाके मोठे आणि वाकडे पडतात. आई तिला उसवू देत नाही.

आईने तिच्या जुन्या सुती साड्या बोहारणीला न देता तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवल्या आहेत. धुऊन, उन्हात वाळवून ठेवल्या आहेत. काठ जाड आहेत, पण मधले कापड अगदी मऊ आहे, तुम्हाला ठिगळांना उपयोगी पडेल. दिवाळी झाली की मी त्या घेऊन येते. संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू असते, त्याला तुम्ही सुनेला आणि नातीला घेऊन यावे, असा आईचा निरोप आहे. न्यायला मी स्वतः येईन, म्हणून बसची चिंता करू नये.

तुमची ऋणी,
हिरव्या इरकली वाकळेवाल्या बाईंची लेक
पुणे