सनरूफच्या पन्हळीविषयी मित्रास पत्र

ता. हिंगणघाट, जि. वर्धा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. गाडीत डाव्या बाजूच्या पुढच्या मॅटखाली पाणी साचते, दार उघडताच कुबट वास येतो आणि गॅरेजवाल्याने सनरूफच्या काचेचे रबर बदलून वरून सिलिकॉनचा थर देण्याचा सल्ला दिला आहे, एवढे वाचल्याबरोबर मी उत्तर लिहायला बसलो. त्या कामाला होकार देण्याआधी हे पत्र सावकाश वाच. गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीचे हेच दुखणे होते, मलाही हाच सल्ला मिळाला होता, आणि शेवटी जो दोष हाती लागला त्याचा रबराशी काडीचाही संबंध नव्हता.

सनरूफचे रबर सगळेच्या सगळे पाणी अडवील, अशी अपेक्षा गाडी बनवणाऱ्यांनीही केलेली नसते. बहुतेक पाणी, वारा आणि धूळ बाहेर ठेवणे एवढेच त्याचे काम. कडेने जे थोडे पाणी आत झिरपते ते काचेखालच्या चौकटीला चारही बाजूंनी असलेल्या पन्हळीत पडते, आणि पन्हळीच्या कोपऱ्यांना जोडलेल्या, करंगळीहून बारीक अशा नळ्यांतून खाली उतरते. पुढच्या दोन नळ्या पुढच्या काचेलगतच्या खांबांतून उतरून दाराच्या बिजागरीपाशी किंवा पुढच्या चाकावरच्या आवरणामागे उघडतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून उतरून मागच्या चाकापाशी किंवा बंपरच्या आत उघडतात. आपल्या कवेलूच्या घरात दोन पाख्यांच्या मधली पन्हळ कुटाराने तुंबली की पाणी थेट स्वयंपाकघरात उतरायचे, आणि तेव्हा कोणी कवेलू बदलायला निघत नसे. हात घालून पन्हळ मोकळी करत. सनरूफचेही तसेच आहे. वरून सिलिकॉन भरले तर काच उघडणे बंद होईल, उघडली तर तो थर रबरासकट सोलून निघेल, आणि तुंबलेली नळी आहे तशीच राहील.

माझ्या गाडीत आधी वास आला. तो दमट सतरंजीसारखा होता आणि एसी लावला की अधिक जाणवायचा, म्हणून सगळ्यांनी एसीवरच बोट ठेवले. हा संशय अगदीच निराधार नव्हता, कारण एसीच्या आत जमणारे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली तरी डाव्या बाजूची पाय ठेवायची जागाच ओली होते. दोन्ही दोषांत फरक करायची रीत मात्र सोपी आहे. एसीचे पाणी एसी चालवल्यावर येते, मग बाहेर कडक ऊन असो. सनरूफचे पाणी पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर येते, मग एसी महिनाभर बंद असो. मी काही दिवस एसीला हात लावला नाही, तरी पाऊस झाला की मॅट ओली. शिवाय तान्ह्या पोळ्याला घरची लेकरे त्यांच्या लाकडी नंदीबैलांसह गाडीत कोंबून मारुतीच्या पारापर्यंत नेत असताना उतारावर ब्रेक दाबला, तेव्हा छतातल्या दिव्याच्या कडेने पाण्याची धार निघून एका नंदीच्या झुलीवर पडली. लेकरांना गंमत वाटली. मला मात्र एसी निर्दोष असल्याची खात्री पटली.

यानंतर एक गोष्ट ध्यानात आली, ती तूही पडताळून पाहा. आमच्या अंगणाला नालीकडे उतार आहे. गाडीचे तोंड नालीकडे करून उभी केली तर पुढची मॅट भिजायची. तोंड घराकडे केले तर तेवढ्याच पावसात पुढे कोरडे राहायचे. दाराच्या आतल्या बाजूने, पुढच्या काचेच्या चिकटवणीतून किंवा बॉनेटच्या मागच्या टोकाला असलेल्या जाळीखालून पाणी येत असते, तर उताराने एवढा फरक पडला नसता असे मला वाटले. पन्हळीतले पाणी मात्र गाडी ज्या बाजूला झुकते त्या कोपऱ्याकडे धावते. पाणी जिथे दिसते तिथून ते आत आलेले नसते. ते छताच्या अस्तरावरून, खांबाच्या आतून, तारांच्या जुडग्यावरून फिरत फिरत सर्वांत खालच्या जागी येऊन थांबते. म्हणून ओल्या मॅटकडे बघत बसण्यापेक्षा वरून खाली शोध घेणे बरे.

तो शोध असा घ्यायचा. गाडी सपाट जागी उभी करून सनरूफ पूर्ण उघड. चौकटीच्या कडेची पन्हळ ओल्या फडक्याने पुसून घे; माझ्या पन्हळीत कडुनिंबाच्या काड्या, बारीक कुटार आणि जिनिंगच्या बाजूने ये-जा केल्यामुळे चिकटलेले रुईचे तंतू यांचा चक्क नमदा तयार झाला होता. मग एखाद्याला गाडीखाली बघायला बसवून एका कोपऱ्यात बारीक धारेने थोडे थोडे पाणी सोड. बादली ओतू नकोस, कारण पन्हळ उथळ असते आणि भरून वाहिली तर चांगल्या गाडीतही पाणी आत पडेल. माझा पुतण्या पोते अंथरून चाकापाशी बसला आणि एकेका कोपऱ्याला ‘आलं, आलं’ म्हणून ओरडत राहिला. पुढच्या डाव्या कोपऱ्याला तो गप्प राहिला. आमच्या घरच्या वहिनींनी पाण्यात हळद कालवायला सुचवले होते, म्हणजे वाट पिवळी दिसेल. युक्ती नामी होती, पण छताच्या अस्तरावर हळदीचा डाग बसला तर तो गाडी विकेपर्यंत जाणार नाही, म्हणून मी जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या खांबाच्या फटीत आणि डॅशबोर्डखाली खोचून ठेवल्या. वरची पट्टी आधी भिजली आणि खालची नंतर, म्हणजे पाणी खांबातूनच उतरत होते.

नळीचे खालचे तोंड शोधायला चाकावरचे प्लॅस्टिकचे आवरण अर्धे सोडवावे लागले. त्या तोंडाला रबराचे दोन ओठ असतात. पाण्याच्या वजनाने ते उघडतात आणि एरवी मिटलेले राहतात, म्हणजे धूळ आणि किडे आत शिरत नाहीत. आमच्याकडे ते ओठ कोणीतरी आधीच कापून टाकलेले होते. पाणी लवकर वाहावे हा त्यामागचा विचार असावा, पण त्या उघड्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते आणि त्यावर रुईचा बोळा बसला होता. चिमटीने ते सारे काढले तेव्हा राखाडी मातीचा एक गुळगुळीत तुकडा सबंध बाहेर आला, नळीच्या साच्यात ओतून काढल्यासारखा, आणि त्याच्या पोटात माशीने पिल्लांसाठी साठवलेले वाळके कोळी होते. पुतण्याने ते काडेपेटीत घालून शाळेत नेले.

तोंड मोकळे झाले, तरी वरून सोडलेले पाणी खाली येईना, हे या प्रकरणातले खरे कोडे होते. नळी तुंबली असताना तालुक्याच्या गावी एका धुलाई केंद्रात कोणीतरी वरून कंप्रेसरची हवा मारली होती. हवेला खाली वाट नव्हती. त्यामुळे नळी वरच्या टोकाला, पन्हळीच्या बोंडीवरून (नळी जिच्यावर चढवतात त्या बारीक तोटीवरून) निसटली होती, आणि तेव्हापासून त्या कोपऱ्यातले सगळे पाणी नळीत न जाता सरळ खांबात पडत होते. म्हणून तुला विनंती आहे की हवेचा जोर या नळ्यांवर कधीही करू देऊ नकोस. गवत कापायच्या यंत्राला लागते ती नायलॉनची गोल, मऊ तार घे, तिचे टोक काडीच्या आचेवर वितळवून बोथट कर आणि हलक्या हाताने वरून सरकव. अडले तर जोर न करता थोडी मागे घेऊन फिरव. सायकलच्या ब्रेकची तार अनेक जण वापरतात, पण तिचे सुटे टोक नळीला आतून भोक पाडू शकते.

नळी पुन्हा बसवण्यासाठी पुढच्या खांबावरचे प्लॅस्टिक काढावे लागते, आणि इथे घाई नको. तुझ्या गाडीत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर ती याच खांबाच्या वरच्या भागापासून छताच्या कडेने घडी करून ठेवलेली असते. बॅटरीची ऋण तार सोडून काही मिनिटे थांबल्याशिवाय तिकडे हात घालू नये, आणि नळी किंवा तारा एअरबॅगच्या आड येतील अशा कधीही बांधू नयेत. हे काम मी स्वतः केले नाही. गावातल्या एका जुन्या, सावध हाताच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतले आणि शेजारी उभा राहून बघितले. त्याने नळीचे कडक झालेले टोक थोडे कापले, उरलेले टोक कढत पाण्यात बुडवून नरम केले, बोंडीवर खोलवर चढवले आणि लहान क्लॅम्प लावला. प्लॅस्टिकच्या दोन क्लिपा काढतानाच तुटल्या, कारण उन्हाने त्या ठिसूळ होतात. नव्या क्लिपांची किंमत चहा-नाश्त्याहून जास्त नव्हती. खालच्या तोंडाला नवे ओठ बसवले. मग पुन्हा पाणी सोडले, आणि या वेळी चाकामागून स्वच्छ धार आली.

दोष मिटला म्हणजे काम संपले असे समजू नकोस. वरची मॅट उन्हात टाकली की ती वाळते, पण गालिच्याखाली जाड नमद्याचा थर असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. वर हात लावला तर कोरडे, दाबले तर पचकन पाणी. आम्ही दाराच्या उंबरठ्यावरची पट्टी काढून गालिचा एका बाजूने उचलला, त्याखाली लाकडाचे ठोकळे सारले आणि दारे उघडी ठेवून टेबलफॅन लावला. सीटखाली पिवळ्या रंगाचे जोड दिसले तर ते ओढून सोडवू नकोस. ते एअरबॅगच्या तारांचे असतात. डाव्या बाजूला पायांजवळ काही गाड्यांत फ्यूजची पेटी असते, तिथे हिरवट बुरशी किंवा गंज चढला आहे का तेही बघून घे, कारण काचा मधेच अडकणे आणि दिवे आपोआप लागणे यांसारखे दोष पुढे तिथूनच सुरू होतात. वासासाठी अत्तराच्या बाटल्या आणि कापूर यांवर पैसे घालवू नकोस. नमदा वाळला की वास जातो, तो वाळेपर्यंत कशानेही जात नाही.

रबराविषयी एवढेच की ते फाटलेले, चपटे झालेले किंवा कोपऱ्यात सुटलेले असेल तरच बदल. एरवी ओल्या फडक्याने पुसून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा बारीक हात फिरव. आपल्याकडे चकाकीसाठी डिझेलचे फडके फिरवायची खोड आहे. त्याने रबर फुगते आणि आकार सोडते. गाडी धुणाऱ्याला पाण्याचा जोरदार फवारा काचेच्या कडेवर रोखू देऊ नकोस.

तुमच्या भंडाऱ्याकडे आमच्यापेक्षा पाऊस जास्त, आणि धानाच्या मळणीची धूळही आमच्या कुटारापेक्षा बारीक, त्यामुळे तुझ्या नळ्या माझ्यापेक्षा लवकर तुंबणार हे धरून चाल. मी आता मृग लागायच्या आधी एकदा आणि कापसाचा हंगाम उलगल्यावर एकदा पन्हळ पुसून चारही कोपऱ्यांत पाणी सोडून बघतो. नायलॉनची तार कृषी केंद्रात मिळते; मिळाली नाही तर कळव, मी एस.टी.च्या पार्सलने पाठवतो.

गॅरेजवाल्याला तूर्त एवढेच सांग की रबर नंतर बघू, आधी समोर उभे राहून पाणी सोडून दाखवा. त्याने कुरकुर केली तर घरीच बघ. कोणता कोपरा गप्प राहिला ते मला लिही, म्हणजे पुढचे सांगता येईल.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच,
हिंगणघाटकर

ता. क. मागचे दोन कोपरे काच पूर्ण उघडल्यावरही काही गाड्यांत दिसत नाहीत. तिथे हात जात नसेल तर गाडीची मागची चाके सखल भागात येतील अशी ती उभी कर आणि पन्हळीच्या बाजूच्या पट्टीत पाणी सोड; ते आपोआप मागे वाहत जाईल. त्या वेळी डिकीचा गालिचा आणि स्टेपनीची खाच मात्र नक्की बघ, कारण मागची नळी निसटली असेल तर पाणी तिथे साचते आणि महिनोन्महिने कोणाला कळत नाही.